दुसऱ्याच्या गाडीला तीट

जया गेल्याचं कल्याणला कळलं, तेव्हा तो कोपरगावात एका लग्नाच्या पंगतीला बसला होता.

पत्रावळीवर भात पडला होता. वरण यायचं होतं.

फोन वाजला. पलीकडून भीमा बोलत होता.

"दादा... मी करंजीच्या घाटात हाय. गाडी बंद पडलीय. वहिनी..."

वाढपी वरण घेऊन समोर येऊन उभा राहिला, आणि कल्याणने नुसतं पत्रावळीवर हात आडवा धरला.

हे सगळं घडलेलं आहे. कल्याण माझा साडू. त्याची जया माझ्या बायकोची धाकटी बहीण. माझी बायको तिच्या आधीच गेली. म्हणून असेल, कल्याणने हे मला सांगितलं. दुसऱ्या कुणाला त्याने इतकं सांगितलेलं नाही. भूत म्हटलं की लोक मध्यरात्र धरून चालतात. इथे जे झालं ते पहाटे उजाडताना झालं, आणि एकदा तर भर उन्हात, नगर-पाथर्डी रस्त्यावर, माणसांच्या समोर. कुणाला हसायचं असेल तर हसावं. मला हसता आलं नाही.

कल्याण आणि भीमा दोघं तिसगावचे. दोघांच्या काळ्या-पिवळ्या जीप. पाथर्डी, तिसगाव, नगर अशी दोघांची लाइन. एकाच चहाच्या टपरीवर बसायचे, एकमेकांचे पॅसेंजर पळवायचे, त्यावरून भांडायचे आणि पुन्हा एकाच कपातला चहा अर्धा अर्धा करायचे.

त्या दिवशी कल्याण वऱ्हाड घेऊन कोपरगावला गेला. जयानेच त्याला पाठवलं होतं. तो गेला आणि थोड्या वेळाने जयाच्या छातीत कळ आली. कल्याणची आई छबूबाई पळत भीमाच्या घरी गेली. भीमाने जीप काढली. नगरच्या दवाखान्यात न्यायचं होतं.

घाटात मोठ्या वळणावर जीपचं इंजिन जाम झालं.

दुसरी गाडी मिळेपर्यंत जया गेली होती. मागच्या सीटवर, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून.

फिटरने इंजिन खोललं. आत ऑइलचा थेंब नव्हता.

जयाला अग्नी दिला त्या संध्याकाळी भीमा कल्याणच्या पाया पडला. म्हणाला, "दादा, सकाळीच पट्टी काढून बघितली हुती. ऑइल पुरं हुतं. मढीच्या नाथाची आन घेऊन सांगतो."

कल्याणने पाय मागे घेतले. त्या दिवसापासून त्याने भीमाशी बोलणं सोडलं.

आता जयाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

कल्याणची जीप जुनी. जुनं इंजिन ऑइल खातं. रोज थोडं कमी होतं. म्हणून रोज सकाळी, गाडी थंड असताना, बोनट उघडून ऑइलची पट्टी बाहेर ओढायची. फडक्याने पुसायची. परत आत घालायची, परत काढायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल वरच्या खुणेला असलं की गाडी निर्धास्त. खालच्या खुणेला आलं की कॅनमधलं ऑइल टाकायचं. एवढंच काम. पण रोज करणारं माणूस लागतं.

ते माणूस जया होती.

कल्याण अंघोळीला गेला की ती कॅन उचलायची. थोडं ओतायची, थांबायची. ऑइल खाली उतरू द्यायची. पुन्हा पट्टी बघायची. पुन्हा थोडं. कल्याण न्हाणीतून ओरडायचा, "आगं, ओत की एकदम! बाळाला दूध पाजती का?"

"तुमी अंगाला साबण लावा. गाडी माझी हाय," ती म्हणायची.

आणि सगळ्यात शेवटी ती एक गोष्ट करायची. पट्टीवरचं काळं ऑइल करंगळीवर घ्यायची आणि बोनटच्या डाव्या कोपऱ्यावर, दिव्याच्या वर, एक ठिपका लावायची. लेकराच्या गालाला लावतात तशी तीट. त्यांना पोरबाळ नव्हतं. मग बोट पदराला पुसायची. कल्याण रागवायचा, पदर सगळा काळा झाला म्हणून. ती पुसायचीच.

तिची करंगळी कडबाकुट्टीत सापडली होती, लहानपणी. टोकावर आडवा व्रण राहिला होता. त्यामुळे तिच्या तिटेच्या मधून एक आडवी रेघ जायची. पांढरी, बारीक. दुसऱ्या कुणाची तीट तशी येणं शक्य नव्हतं.

भांडण झालं की ती बोलायची नाही. पण ऑइल बघायची आणि तीट लावायची. एवढं कल्याणला पुरायचं.

ती गेल्यावर दिवसकार्य झालं. पाहुणे गेले. कल्याण गाडीवर निघाला. बाहेर येऊन सवयीने त्याने बोनटच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं.

शेवटची तीट फिकी झाली होती. पुढे गाडी धुताना ती गेली.

कल्याण रोज सकाळी तिथे बघायचा. स्वतः तीट लावायचा नाही. आणि खरं सांगायचं तर ऑइलची पट्टीही बघायचा नाही. ऑइलचा लाल दिवा लागला की घाईत थोडं ओतायचा आणि कॅन परत खाटेखाली सरकवायचा. ते काम हातात घेतलं की जया गेली हे कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं.

असंच चाललं होतं.

मग एक दिवस त्याने कॅन उचलला आणि...

कॅन हलका लागला.

त्याने तर फारसं ऑइल काढलं नव्हतं. भरलेला म्हणावा असा कॅन होता. आता तळाशी पाणी हलावं तसं ऑइल हललं.

"आये, ह्यातलं ऑइल कुणाला दिलं का?"

छबूबाई चुलीपुढे होती. "मला काय करायचं तुझं ऑइल? भाकरीला लावू का?"

कल्याणने दुसरा कॅन आणला. तोही हलका होत गेला. खाटेखालून. ज्या खाटेवर तो झोपायचा, तिच्याखालून.

एका पहाटे त्याला जाग आली. डोळे मिटलेलेच होते. खाली कॅन सरकल्याचा आवाज आला. जमिनीवरून, हळू... झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून सरकवतात तसा.

मग बांगड्या.

कल्याण सांगतो, त्याला भीती वाटली नाही. त्याला आनंद झाला. एवढा आनंद झाला की त्याने डोळे उघडले नाहीत. उघडले तर ती जाईल, असं त्याला वाटलं.

दाराची कडी वाजली नाही. पण पाऊल अंगणात उतरल्याचं त्याला कळलं.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही...

उजाडल्यावर तो धावत जीपकडे गेला. बोनटचा डावा कोपरा बघितला.

कोरा.

त्याने बोनट उघडलं, पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली होतं.

घरात येऊन कॅन बघितला. कॅन आणखी हलका झाला होता.

ती आली होती. ऑइल घेऊन गेली होती. पण त्याच्या गाडीपाशी थांबली नव्हती.

मग गेली कुठे?

हे कळायला फार दिवस लागले नाहीत. तिसगावच्या स्टँडवर कल्याण टपरीमागे चहा घेत बसला होता. पुढे ड्रायव्हर मंडळी भीमाची थट्टा करत होती.

"काय रं भीम्या, रोज काळी टिकली लावतो गाडीला! नवी नवरी हाय का ती?"

"नवरी कशाची, पणजी हाय पणजी. हिला कोन नजर लावणार? भंगारवाला?"

सगळे हसले. भीमा हसला नाही.

कल्याणने कप खाली ठेवला. उठला. भीमाच्या जीपपुढे जाऊन उभा राहिला.

बोनटच्या डाव्या कोपऱ्यावर, दिव्याच्या वर... काळा ठिपका होता.

मधून आडवी, बारीक, पांढरी रेघ.

दवाखान्याच्या वाटेवर ज्या गाडीने दगा दिला, जिच्या मागच्या सीटवर तिचा जीव गेला, तिला ती तीट लावत होती. त्याच्या घरातल्या ऑइलने.

भीमा जवळ आला. जयाला अग्नी दिला त्या संध्याकाळनंतर दोघं पहिल्यांदा बोलले.

"दादा, तूच लावतो ना ही? लावत असशील तर तसं सांग. मी काय म्हणणार न्हाई. पण माझी बायको लई भेलीय. कल्याणनी करणी केली म्हणती."

"मी कशाला लावू?"

"मग ऑइल कोन टाकतं? मी टाकत न्हाई, दादा. इंजिन नवं बांधलं तरी ऑइल खातंच. पण पट्टी काढून बघावं तर वरच्या खुनंला. रोज वरच्या खुनंला." भीमाचा आवाज उतरला. "आन पहाटं बांगड्या वाजत्यात."

कल्याणने पाठ फिरवली. निघून आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो भीमाच्या वस्तीवर गेला. कुणाला न सांगता. भीमाची जीप अंगणात उभी होती. कल्याण कडब्याच्या गंजीला टेकून बसला. झुंजूमुंजू झालं होतं. चिमण्या बाभळीवर कलकलत होत्या. दूर रस्त्यावर दुधाच्या किटल्यांची मोटरसायकल गेली.

मग चिमण्या थांबल्या.

सगळ्या एकदम.

भीमाचं कुत्रं उठलं, शेपूट पायात घालून घरामागे गेलं. भुंकलं नाही.

खट्... बोनटचा हुक निघाला.

बोनट वर गेलं. आतली सळई टेकवल्याचा आवाज आला. मग पट्टी सरकन बाहेर आली. मग परत आत. परत बाहेर.

मग कॅनचं झाकण.

ऑइल ओतताना आवाज होत नाही. पण कल्याणला ती थांबल्याचं कळत होतं. थोडं ओतायचं, थांबायचं. मग पट्टी. मग पुन्हा थोडं. हा थांबण्याचा वेळ त्याने न्हाणीत उभं राहून कितीतरी वर्षं ऐकला होता. दुसऱ्या कुणाला तेवढं थांबता येत नाही.

तो उठला. जीपच्या मागून पुढे निघाला. बोनट उघडं असल्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. वाकून त्याने गाडीखालून बघितलं.

पलीकडची जमीन दिसत होती. भीमाच्या दारातली चुलीची राख दिसत होती.

पाय नव्हते.

"जये..."

सगळं थांबलं.

"जये, आपली गाडी तिकडं हाय गं. घरी. ही भीम्याची हाय."

बोनट हळूहळू खाली आलं. जया तळव्याने दोनदा दाबायची, हुक बसावा म्हणून. ते दोनदा दाबलं गेलं.

गाडीपुढे कुणी नव्हतं. तीट ओली होती. कल्याणने तिच्यावर बोट ठेवलं. ती अजून कोमट होती, असं तो सांगतो. रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल कोमट कसं असेल, ते मला सांगता येत नाही.

तो घरी आला. स्वतःच्या जीपकडे बघितलंसुद्धा नाही. कॅन उचलला, लोखंडी पेटीत ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

आणि त्याने ठरवलं.

आपल्या गाडीत आता ऑइल टाकायचंच नाही. बघू, ती येते का. नवरा बिनऑइलाचा घाट चढतोय म्हटल्यावर तरी येईल.

येडेपणाच होता तो. जिवंत बायको रुसली की नवरा जेवत नाही, आणि मग तिला ताट घेऊन यावं लागतं. कल्याणने तेच केलं. फक्त समोर बायको नव्हती.

तो दिवस बाजाराचा होता. जीप भरली. झुंबरबाई नावाची एक म्हातारी नगरला डोळे दाखवायला निघाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाने तिला पाथर्डीला गाडीत बसवून दिलं होतं, नगरला मुलगी उतरवून घेणार होती. तिचं गाव लांब, डोंगराकडचं. कल्याणला ती ओळखत नव्हती, जयाला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

करंजी मागे पडली. घाट सुरू झाला.

ऑइलचा लाल दिवा लागला.

कल्याणने बघितलं आणि गिअर टाकला.

इंजिनातून टकटक सुरू झाली. आधी हलकी. मग जोरात.

"ड्रायव्हरदादा," मागून झुंबरबाई म्हणाली, "तुझ्या गाडीला थंडी वाजली का? दात वाजवतीय."

बाकीचे हसले. कल्याण आरशातून मागे बघत होता. पुढे बघत होता. डाव्या कोपऱ्याकडे बघत होता.

मोठं वळण आलं. तेच वळण.

तिथे त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. उतरून बोनट उघडलं. सळई लावली. आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसला.

"का ओ, काय झालं?" पॅसेंजरनी विचारलं.

"ऑइल संपलंय."

"मग टाका की."

"टाकणार हाय ती."

"कोन ती?"

ऊन चांगलं वर आलं होतं. ट्रक जात होते, एसटी गेली. लोक कुरकुरायला लागले. एकजण म्हणाला, ह्याने सकाळीच घेतलेली दिसतीय. कल्याण उघड्या बोनटकडे बघत बसला. पट्टी हलेल. आत्ता हलेल...

हलली नाही.

खालून एक जीप चढत आली. भीमाची. ती कल्याणच्या जीपला लागून थांबली. भीमा उतरला.

"दादा, मी थांबवली न्हाई. आपोआप थांबली."

मग तो मागे गेला, सीटखाली वाकला आणि एक कॅन घेऊन आला.

"हा तुझा हाय ना? सकाळी माझ्या गाडीत हुता. मी ठेवला न्हाई, आईची शप्पथ."

कल्याणने खिशात हात घातला. पेटीची किल्ली खिशातच होती.

भीमा झाकण उघडायला लागला. कल्याणने त्याचा हात धरला. "तू टाकू नको."

"आरं येडा हाय का? इंजिन जाईल तुझं!"

"जाऊ दे. तिनं टाकलं तर टाकंल. तू हात लावू नको."

भीमा कॅन धरून उभा राहिला. त्याला तिथे, त्या वळणावर, काय वाटलं कुणास ठाऊक. तो रडायला लागला.

"मी त्या दिवशी पट्टी बघितली न्हवती, दादा. छबूकाकी वरडत आली, तशीच गाडी काढली. आदल्या दिवशीपण बघितली न्हवती. खोटी आन घेतली मी. नाथाची खोटी आन घेतली."

कल्याणने त्याला मारलं नाही. शिवी दिली नाही. तो फक्त म्हणाला, "तिला ठावं आसंल ना हे?"

"आसंल."

"तरी ती तुझ्याकडं येती."

भीमाने कॅन रस्त्याच्या कडेला ठेवला.

शेवटी कल्याणच्या गाडीतले लोक भीमाच्या गाडीत बसायला लागले. नगरला तर जायचं होतं. झुंबरबाईचा हात धरून भीमा म्हणाला, "आजी, तुमी पुढं बसा. पुढची सीट मोकळी हाय."

म्हातारीने दांडा धरला. एक पाय वर टाकला. आणि तसाच खाली घेतला.

"कुठं मोकळी हाय? बाई बसलीय की."

चढणारी माणसं होती तिथेच थांबली.

"बसू दे, बसू दे तिला," झुंबरबाई म्हणाली. "मी जाते मागं."

ती चाचपडत मागे गेली आणि लोकांत अंग कोंबून बसली.

कल्याण दगडावरून उठला. भीमाच्या जीपच्या पुढच्या दाराशी आला. सीट रिकामी होती. त्याला तरी रिकामीच दिसत होती. पण रेक्झिन मधोमध दबलं होतं... कुणी बसल्यावर दबतं तसं.

"जया," तो म्हणाला. "आगं, मी हाय. माझ्याकडं बघ एकदा."

वारा नव्हता. पाखरू ओरडत नव्हतं.

कल्याणने मागच्या खिडकीकडे बघितलं. "आजी... ती बाई माझ्याकडं बघती का?"

झुंबरबाईने मान पुढे काढली. पांढऱ्या पडलेल्या बुबुळांनी थोडा वेळ सीटकडे बघितलं.

"न्हाई बाबा. समोर बघती. रस्त्याकडं."

"एकदा पन न्हाई बघितलं?"

"न्हाई. हाताला काळं लागलंय तिच्या. ते पदराला पुसती."

भीमा घाबरत घाबरत आपल्या जागेवर बसला. किल्ली फिरवायला त्याने हात पुढे केला, त्याच्या आधीच गाडी चालू झाली. इंजिन असं गोड चालत होतं की आवाज येऊ नये. जीप वळण चढून गेली. पुढच्या सीटवर बाई घेऊन. कल्याणची बाई.

कॅन रस्त्याच्या कडेला राहिला होता. कल्याण त्याच्याजवळ दुपार कलेपर्यंत बसून राहिला. बोनट उघडंच होतं. कुणी आलं नाही.

मग एका ट्रॅक्टरने त्याची जीप ओढत तिसगावला आणली.

मी नंतर झुंबरबाईचं गाव शोधत गेलो. खरं खोटं करायला. तिचं तेव्हा ऑपरेशन झालेलं नव्हतं. मी विचारलं, "आजी, मी दिसतो का तुम्हाला?" ती म्हणाली, "उजेड दिसतो. माणूस दिसत न्हाई." मग मी विचारलं, त्या दिवशी ती बाई कशी दिसली? ती म्हणाली, "तेच म्या सुनंला म्हनलं. तेवढी एक दिसली."

भीमाची जीप तेव्हापासून एकदाही बंद पडलेली नाही. आसपासच्या वस्तीवर कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक भीमालाच बोलावतात. पोचणारच, म्हणतात. पुढची सीट भीमा मोकळी ठेवतो.

छबूबाई पोराची समजूत घालते. तिला तिच्या परीने उत्तर सापडलं आहे. "आरं, तिचा जीव त्या गाडीत गेला. तिथंच घुटमळतीय ती. कुनाचा आसा जीव जाऊ नये म्हून राखन करती. तुझ्यावर राग न्हाई तिचा."

"मग घरात येती ती?" कल्याण म्हणतो. "ऑइल न्यायला येती ना? माझ्या खाटंखालून नेती. माझ्या डोक्यापाशी वाकती. तवा पन माझ्याकडं बघत न्हाई?"

ह्यावर छबूबाई पदर डोळ्याला लावते.

घाटातून ओढून आणलेली जीप तशीच दारात उभी आहे. चाकांतली हवा गेली. कल्याण आता दुसऱ्याच्या टेम्पोवर जातो. पण बाजारातून तो ऑइलचा कॅन आणतो. खाटेखाली ठेवतो. कुलूप लावत नाही. कॅन रिकामा झाला की दुसरा आणतो. पहाटे जागा राहतो, डोळे मिटून. बांगड्या येतात, कॅन सरकतो, पाऊल अंगणात उतरतं. त्याच्या गाडीवरून पुढे जातं.

मी त्याला म्हणालो, बाबा, तिला मोकळी कर. गुरुजींनी निरोप धाडला आहे, वर्ष उलटून गेलं. तो म्हणाला, "दाजी, विधी केला आन ती गेली, तर? ती माझ्याकडं एकदा आली की करतो. एकदाच. मग जाऊ दे."

हे ऐकून मी सुप्याला माझ्या घरी परत आलो, पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. माझी बायको गेली तेव्हापासून माझ्या घरात कधी काही वाजलं नाही, काही हललं नाही. मला वाटायचं, ती सुखाने गेली. आता सकाळी कंपनीत जाताना मी आळीतल्या लोकांच्या दारांकडे बघत जातो. कुणाचं अंगण जास्त चांगलं झाडलेलं दिसलं की थांबतो. ती झाडू मारताना कोपऱ्यात कशी वळायची, ते मला ठाऊक आहे. अजून कुठे तसं दिसलेलं नाही. दिसलं तर काय करायचं, हेही मी ठरवलेलं नाही.

परवा कल्याणला फोन केला. भीमाची गाडी नीट चालली आहे म्हणाला. ह्या महिन्यात आणखी एक कॅन आणला म्हणाला.

जयाचं वर्षश्राद्ध अजून झालेलं नाही.